मुक्या घंटांची ओतशाळा

नमन त्या नादरूप नारायणाला, ज्याच्या कृपेने मुक्या धातूसही वाचा फुटते.

एका राज्यात देवालयांच्या घंटा ओतणारी चाळीस कुटुंबांची शाळा होती. साचे लिंपता लिंपता तेथील माणसे आपल्या फजितीच्या कथा सांगत आणि पोट धरून हसत. राजा शार्दूलकेतूला ते रुचेना. त्याने मांत्रिकाकरवी दारावर चांदीचे कुलूप टांगविले. आत जो कथा सांगेल, त्याची जीभ पाषाणाची होई.

ओतशाळा निमूट झाली, जुन्यांच्या चुका नव्यांना कळेनाशा झाल्या, आणि पुढल्या दोन घंटा तडकून मुक्या निघाल्या. राजा म्हणाला, "तिसरीही तडकली, तर चाळीसही कुटुंबांनी राज्य सोडावे."

तिसऱ्या ओतणीच्या सकाळी वृद्ध गिरजा ओतारीण तुळशीला पाणी घालत होती. वृंदावनावरची साळुंकी बोलली, "गिरजाई, तिघांनी ओतशाळेत आपापल्या चुकीची कथा सांगितली, तर शाप तुटेल. तिसरा मात्र कुलूप लावणाराच हवा."

"आणि तो बोललाच नाही तर?"

"तर दोन जिभा दगडाच्याच राहतील."

गिरजाने हात जोडले. "नारायणा, जीभही तुझीच."

ओतशाळेत राजा आसनावर बसला होता. मुशीत धातू रसरसत होता. साचा वाळला, असे नवे कारागीर सांगत होते. गिरजा पुढे झाली.

"लेकरांनो, साच्याला गाल लावून पाहावा, गार लागला, तर आत ओल. माझ्या हळदीच्या दिवशी काजळी लागेल म्हणून मी गाल लावलाच नाही. घंटा तडकली, अन् सारे वऱ्हाड मला ‘फुटकी नवरी’ म्हणू लागले!"

तिची जीभ दगडाची झाली. कारागिरांनी गाल लावले. साचा गार होता. तो पुन्हा शेकून मग रस ओतला.

आता सारे साचा फोडण्यास धावले. भाता ओढणारा भिवाजी आडवा आला.

"थांबा रे! सासऱ्यांपुढे मिरवायचे म्हणून मी ऊन साचा फोडला. घंटेचे दोन तुकडे! एकात सासऱ्यांच्या कोंबड्या अजून पाणी पितात."

हशा पिकला, आणि भिवाजीची जीभ दगडाची झाली.

साळुंकी कुलपावर येऊन बसली. "महाराज, तिसरी चूक आपली."

साचा निवला, तेव्हा राजा आसनावरून उठला. मग हलकेच म्हणाला, "तुम्ही हसला, की वाटे, मलाच हसता. कोणाला विचारले नाही; कुलूप लावले."

कुलूप गळून पडले. भिवाजीची आणि गिरजाची जीभ सुटली. गिरजा म्हणाली, "महाराज, आम्हांला आमच्याच फजित्या पुरून उरत, आपली पाळी यायची कधी?"

सर्वांआधी राजा हसला. साचा फोडला, आणि घंटेचा नाद सात कोस गेला. तेव्हापासून दर पौर्णिमेस राजा साचे लिंपायला येई. त्याच्याजवळ कथांचा साठा मोठा होता.

श्रोतेहो, तुमच्या हातांना काम, कामाला संगत आणि घराला हसू तो नादरूप नारायण अखंड देवो.