जोमाचं वॉरंटीवालं इंजिन

एका खाडीकाठच्या गावात मूर्ख माणूस औषधालासुद्धा सापडत नसे. पंचक्रोशीत तशी ख्यातीच होती. सापडणार कसा, शोधावाच लागत नसे; तो रोज सकाळी धक्क्यावर पाय सोडून बसलेला असे, आणि औषध म्हणून त्याला कुणी घेत नसे. जोमा त्याचं नाव. भोळा म्हणजे इतका भोळा, की सांगावं ते करायचा. सांगितल्याबरहुकूम वागणारा माणूस घरात असला की काय होतं, ते त्याच्या बायकोला, येसूला, विचारावं.

येसूनं हातातल्या पाटल्या मोडून होडीला नवं इंजिन घेतलं. विकणारा सावळाशेठ म्हणाला, "वर्षाची वॉरंटी आहे जोमा. डोळे मिटून चालव."

जोमानं डोळे मिटून चालवलं. होडी धक्क्यावर आपटली. पण खोटं कशाला बोला, तेवढ्यानं इंजिनाला काही झालं नाही. इंजिन बिघडलं ते चांगलं उघड्या डोळ्यांनी, भर कोळंबीच्या हंगामात. दोनदा ठसकलं, काळा धूर सोडला आणि गप्प झालं.

आता बाकीच्यांच्या होड्या भरून येत, जोमाची चिखलात पडलेली. येसूची पाटी रिकामी. हंगाम सरायच्या आत इंजिन बदलून मिळालं नाही, तर पावसाळाभर चुलीवर नुसतं पाणी उकळायची वेळ. तिनं नवऱ्याला शेठकडं पाठवलं.

जोमा हसत परत आला.

"काय म्हणाले शेठ?"

"चहा दिला. म्हणाले, वॉरंटी आहे, ती कुठं पळून जात नाही."

"आणि इंजिन?"

"इंजिनाचं काही बोलले नाहीत."

येसूनं कपाळावर हात मारला. "अवो, गोड बोलण्याला भुलू नये. शेठच्या दारात उभं राहायचं आन् आवाज चढवायचा. चार माणसं गोळा झाली पाहिजेत."

जोमा दुसऱ्या दिवशी गेला. शेठच्या दारात चार सोडून चाळीस माणसं आधीच गोळा झालेली. शेठचे वडील वारले होते. तिरडी अंगणात, गावातले सगळे मानकरी माना खाली घालून उभे, आणि शेजारी चहा कधी होतो इकडं प्रत्येकाचा एक कान. जोमाला बरं वाटलं. निम्मं काम आयतंच झालं होतं. त्यानं आवाज चढवला.

"वर्षाची वॉरंटी म्हणाला होतात शेठ. सहा महिने नाही झाले, थंड पडलं. मला आत्ताच्या आत्ता बदलून पाहिजे."

खांदेकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "अरे, नव्वदीला टेकले होते की ते."

"नव्वद कसले? नवंकोरं होतं."

मग चार माणसांनी जोमाला खांदा दिला आणि नाक्यावर नेऊन टाकला.

येसूनं त्याच्या पाठीला हळद लावली. "अशा जागी हात जोडावेत. मान खाली घालावी. म्हणावं, आलेलं एक दिवस जाणारच, देवाची इच्छा, कुणाचा दोष नाही. आन् मुकाट निघून यावं."

"असं आधी सांगायचंस," जोमा म्हणाला.

शेठचं सुतक फिटलं, आणि कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला. पायात पांढरे बूट, त्यामुळं तो चिखलात उतरला नाही. धक्क्यावरूनच इंजिनाकडं पाहून म्हणाला, "कसं काय बंद पडलं हे?"

जोमानं मान खाली घातली. हात जोडले. "आलेलं एक दिवस जाणारच, साहेब. देवाची इच्छा. कुणाचा दोष नाही."

इंजिनिअरच्या डोळ्यांत पाणी आलं. असं समजूतदार गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. 'कंपनीचा दोष नाही' असं जोमाच्याच तोंडचं लिहून घेतलं, आणि बूट कोरडे आहेत तोवर तो निघून गेला. जोमाही मुकाट निघून आला.

येसूनं पदर खोचला आणि म्हणाली, "आता आपण जिल्ह्याला ग्राहक मंचात जाऊ. तिथं तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. तोंड उघडायचंच नाही."

मंचात जोमाच्या नावाचा पुकारा झाला. जोमा गप्प. पुन्हा पुकारा. जोमानं ओठ आणखी घट्ट मिटले. अर्ज निकालात निघणार, एवढ्यात येसूनं त्याला असा चिमटा काढला, की ओठ न उघडता तो जे ओरडला ते हजेरी म्हणून धरलं गेलं.

सावळाशेठ मात्र बोलायला तयारच होता. "बाईसाहेब, हा स्वतःच म्हणाला, देवाची इच्छा."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "वॉरंटी देवानं दिली होती की तुम्ही?"

शेठनं घाम पुसला. "पण वॉरंटीत बारीक अक्षरांत लिहिलंय, खारं पाणी लागलं तर कंपनी जबाबदार नाही."

"होडीच्या इंजिनाला खारं पाणी चालत नाही? मग काय दुधात चालवायचं?"

शेठनं वॉरंटीचा कागद घडी करून खिशात घातला. निकाल लागला. हंगाम सरायच्या आत नवं इंजिन द्यायचं.

एसटीत बसल्यावरही येसूचा राग गेला नव्हता. "बाईसाहेब तुमच्यासाठी एवढं भांडल्या, आन् तुम्ही छताकडं बघत बसलात. मोठं माणूस बोलतं ते कान देऊन ऐकावं. ध्यानात ठेवावं. तसं वागावं."

"ऐकलंय की," जोमा म्हणाला. "शब्द न् शब्द."

आठवड्यात इंजिन आलं. येसू बाजारातून नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार घेऊन धक्क्यावर धावत आली. अख्खा गाव जमला होता. गावाला दुसरं काम कधी असतं? मधोमध जोमा. त्याच्या एका बाजूला नवं इंजिन, खोक्यातून काढून पुसलेलं. दुसऱ्या बाजूला एक काळीभोर म्हैस रवंथ करत उभी. मागं चिखलात होडीची जागा रिकामी.

"होडी कुठं आहे?" येसूनं विचारलं.

"नाग्या गवळ्याला दिली. त्याची म्हैस घेतली. दुभती आहे, मी बघून घेतली."

"म्हैस कशाला?"

"बाईसाहेब काय म्हणाल्या, तू ऐकलं नाहीस वाटतं. खारं पाणी चालत नसेल तर दुधात चालवायचं. शेठसुद्धा नाही म्हणाले नाहीत." जोमानं म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "ह्या खेपेला वॉरंटी मोडायची नाही."

येसूनं नारळ खाली ठेवला. म्हशीभोवती एक पूर्ण फेरी मारली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "होडीला इंजिन मागं लावतात. हिला कुठं लावणार, ते तेवढं दाखवा."