गेलेल्या मेलची कॉपी

"मग दादाला पुसून टाकू का, अप्पा?"

मल्लिनाथ दारातूनच बोलला. आत यायचंही त्याला सुचलं नाही.

मठाचे अप्पा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"पुसायला कुणी सांगितलं?"

"सर्व्हरनं. जागा संपली म्हणतोय. कालपासून एक मेल बाहेर जाईना."

मठाचा मेल सर्व्हर कोठीघरात होता. तो उभा केला होता मल्लूच्या थोरल्या भावानं, चन्नवीरनं. भक्त मेलवर प्रश्न विचारत, अप्पा उत्तर सांगत, चन्नवीर टाइप करून पाठवी. गेलेल्या प्रत्येक मेलची एक कॉपी सर्व्हरवर राहील, ही सोयही त्याचीच. गेल्या महिन्यात मोटारसायकल घसरली आणि चन्नवीर गेला. शाळा अर्ध्यात सोडलेला मल्लू त्याच्या खुर्चीवर बसला.

"एवढी जागा खाल्ली कुणी?"

मल्लूनं पायाच्या अंगठ्यानं उंबरा घासला.

"मीच. दादाची जुनी मेल काढतो, माझ्याच फोनवर पाठवतो. फोन वाजतो, दादाचं नाव येतं... दिवसभर पाठवतो. तेवढ्याच कॉप्या साठतात."

"दादानं तुला किती मेल लिहिल्या?"

"मला कशाला लिहील? एका खोलीत झोपत होतो आम्ही."

"मग तू वाचतोस त्या कुणाच्या?"

मल्लूनं फोनवरची मेल वर सरकवली, कुणाला लिहिलीय ते बघितलं.

"लोकांच्या."

अप्पांनी एक शेंग फोडून दाणे त्याच्या हातावर ठेवले.

"उदगीरची ती बाई वाट बघतेय."

त्या बाईचा मुलगा भांडून घर सोडून गेला होता. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मल्लू तरातरा कोठीघरात गेला. अप्पा मागोमाग आले. स्वतःला पाठवलेल्या सगळ्या मेलच्या कॉप्या त्यानं निवडल्या आणि एका झटक्यात उडवल्या. तेवढ्यानं त्याचं भागलं नाही. कॉपी ठेवायची सोयच त्यानं बंद करून टाकली.

"आता कशाचीच कॉपी नको. गेलं ते गेलं. सांगा, लिहितो."

"बरं. लिही. मुलगा आला की जाब विचारू नका. दार नुसतं लोटून ठेवा, कडी घालू नका. झालं."

मल्लूची बोटं थांबली नाहीत.

अप्पांनी वाकून वाचलं. खाली आणखी एक ओळ होती. 'आधी जेवून घ्या.'

"हे मी सांगितलं नाही."

"दादा दरवेळी शेवटी लिहायचा. मठात आलेल्याला आपण आधी पंगतीला बसवतो, मग काम विचारतो. मेलनं आलेल्यांनी काय पाप केलंय, म्हणायचा."

"त्यालाही मी कधी सांगितलं नव्हतं."

मल्लू वरमला. "पुसतो."

अप्पांनी त्याचं मनगट धरलं.

"मग खाली नाव दादाचं घालू?"

"लिहितोय कोण?"

मल्लूनं मोकळ्या हातानं, एकेक अक्षर दाबत, आपलं नाव लिहिलं. मग पाठवायला बोट उचललं.

अप्पांनी मनगट सोडलं नव्हतं.

"थांब. हिची नक्कल ठेव."