न सांगितलेला चटका

“…मग सहन केलं, हाच माझा गुन्हा का, बाबा?”

मठाचे वृद्ध गुरू बाळनाथबाबा धुनीपाशी बसले होते. धुनीत लाकूड सारत राहिले.

मार्तंड उभाच होता. त्याला बसता येत नव्हतं. गुदाशयाचा कर्करोग ऑपरेशननंतर पुन्हा उलटला होता, आणि आता कमरेवर भाजल्याची जखम होती ती वेगळीच. मठातला सगळ्यांत कडक साधक म्हणून त्याचा दबदबा होता. भर वैशाखात तो धुनीला चिकटून बसायचा आणि दुसरा कुणी घाम पुसताना दिसला, की गालातल्या गालात हसायचा. आता शालीत नुसती हाडं उरली होती.

“नीट सांग,” बाबा म्हणाले.

“गाठ कापण्याजोगी राहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले, नुसत्या केमोनं भागायचं नाही, सोबत यंत्रानं ओटीपोटाला शेक देऊ. आतली गाठ तापली की औषध तिला जास्त लागू पडतं. आकसली, तर काढता येईल.”

“मग?”

“कमरेभोवती पाण्याची पिशवी, त्यावर यंत्राचं कडं. औषध सलाइनमधून चालू. सिस्टर सारखी विचारायची, ‘काका, कुठं चटका बसतोय का? लगेच सांगा, आम्ही कमी करतो.’”

“तू काय सांगितलंस?”

मार्तंडाची मान अजूनही ताठ होती. “काही नाही म्हणालो. डोळे मिटले, नाम धरलं. म्हटलं, ज्यानं ही धुनी पचवली, त्याच्यापुढं त्या यंत्राची काय मातब्बरी!”

“चटका बसत होता?”

“…हो.”

“फार?”

“जीव जात होता, बाबा.”

कातडी भाजली, कातडीखालची चरबीही भाजली. शेक बंद करावा लागला. जखम भरेपर्यंत यंत्र लावता येणार नव्हतं आणि गाठ तोवर थांबणार नव्हती. डॉक्टर चिडले असते तर बरं झालं असतं. ते “सांगितलं असतंत तर…” एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मार्तंड तिथंच घाबरला.

हे सांगता सांगता त्याची मान खाली गेली. भिंतीला टेकून तो हमसून हमसून रडू लागला. त्याला जगायचं होतं. साधकाला असं वाटू नये म्हणतात. पण वाटत होतं, आणि फार वाटत होतं.

“तुम्हीच शिकवलंत ना?” तो म्हणाला. “काही झालं तरी हूं की चूं करायचं नाही म्हणून? मी तेच केलं. आता तुम्हीच काय ते करा.”

बाबांनी धुनीतली राख बाजूला सारली.

“काहीतरी बोला…”

धुपाची वेळ झाली होती. मठाची रीत अशी, की धुपाटण्यात घालायचा निखारा बाबा चिमट्याविना, उघड्या बोटांनी उचलत. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नसे. शिष्य श्वास रोखून बघत. मार्तंड पहिल्यांदा मठात आला तेव्हा हेच बघून इथला झाला होता.

बाबांनी धुनीत हात घातला. निखारा उचलला.

“आई गं!”

निखारा जमिनीवर पडला. बाबा बोटं तोंडात धरून कळवळत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं.

मार्तंडाचं रडणं थांबलं. स्वतःची जखम विसरून तो पुढं सरकला.

“बाबा… भाजलं?”

“भाजलं.”

“आजच कसं? इतकी वर्षं तर…”

बाबांनी पोळलेली बोटं त्याच्यापुढं धरली.

“इतकी वर्षंही भाजतच होतं, मार्तंडा.”