‘हुप’ आणि ‘खक’

सागाच्या एका दाट जंगलात एक हरिणी आपल्या एकुलत्या एका पाडसासह राहत असे. हरिणी स्वभावाने मायाळू, आणि पाडसाच्या बाबतीत जरा जास्तच मायाळू. काटा पाडसाला टोचायचा आणि डोळे हिचे भरून यायचे. त्याच जंगलात एक म्हातारा वानर होता. तो सगळ्यांच्या पिल्लांना शिकवत असे, म्हणून लहानथोर त्याला गुरुजी म्हणत.

आता तुम्ही विचाराल, जंगलातल्या पिल्लांना शिकायचे तरी काय असते? मुलांनो, त्यांना बेरीज-वजाबाकी लागत नाही, पण कान लागतात. झाडावरच्या वानराला लांबचे दिसते, खाली चरणाऱ्यांना दिसत नाही. म्हणून वानराने वरून आवाज द्यायचा आणि खालच्यांनी तो ओळखायचा, अशी त्या रानाची फार जुनी रीत. वानर ‘हुप’ म्हणाला तर सगळे ठीक आहे, फळे पडत आहेत, खुशाल या. ‘खक’ म्हणाला तर वाघ आला आहे, असाल तिथून उघड्या माळाकडे पळा. दोन्ही आवाज एकाच घशातले. जवळून ऐकताना सोपे वाटतात, पण लांबून, वाऱ्यातून, पानांच्या सळसळीतून ऐकताना भल्याभल्यांची गफलत होते. गुरुजींनी हिवाळाभर ते पिल्लांकडून घोटून घेतले. हरिणीचे पाडस तर सगळ्यांत तरबेज. ‘खक’ पुरते कानावर पडायच्या आत त्याचे पाय उचललेले असत, आणि हरिणीची मान अभिमानाने ताठ होत असे.

उन्हाळा आला. सागाची पाने झडली, आणि गुरुजी नदीकाठच्या उंबरांवर मुक्काम हलवायला निघाले. जाण्याआधी त्यांनी सगळ्या आयांना बोलावले.

“शाळेला सुट्टी,” गुरुजी म्हणाले. “पण एक ध्यानात ठेवा. पानं झडली, रान उघडं पडलं. आता वाघ तुम्हाला लांबूनच दिसेल, म्हणजे कानांना काही काम उरणार नाही. आणि काम नसलं की शिकलेलं गंजतं. पिल्लांना खेळू द्या, डुंबू द्या. फक्त पाण्यावर जाताना रोज एकदा विचारत जा, हुप म्हणजे काय आणि खक म्हणजे काय. तेवढं पुष्कळ झालं.”

हरिणीच्या शेजारी एक भेकरीण राहत असे. भेकर म्हणजे भुंकल्यासारखे ओरडणारे ते लहानसे हरीण. तिने गुरुजींचे बोलणे मनावर घेतले. पाण्यावर जाता जाता ती स्वतःच वानराचा आवाज काढून पिल्लाला अर्थ विचारायची. तिचे ते भुंकणारे ‘हुप’ ऐकून पिल्लू हसून हसून लोळायचे, पण उत्तर द्यायचे.

“अगं, सुट्टीत तरी सोड की त्याला,” हरिणी तिला चिडवायची. “सुट्टीतही घोकंपट्टी?”

“घोकंपट्टी कसली, बोलता बोलता वाट सरते,” भेकरीण म्हणायची.

हरिणीला मात्र आपले लहानपण आठवत होते. तिच्या आईने तिला एकही उन्हाळा मोकळा सोडला नव्हता. खेळ रंगात आला की आईचे ‘खक’ ठरलेले, आणि मग सगळे टाकून माळाकडे धावायचे. त्याचा राग तिच्या मनातून अजून गेला नव्हता. माझ्या लेकराला तरी मनसोक्त हुंदडू दे, असे तिने ठरवूनच टाकले होते. एकदा संध्याकाळी तिने विचारून पाहिलेही, पण पाडस जांभई देत म्हणाले, “आई, उद्या.” “बरं, उद्या,” हरिणी म्हणाली. खरे तर तिलाही बरेच वाटले. आणि उद्याचे तुम्हाला ठाऊकच आहे. तो रोज एक दिवस पुढे असतो.

नदीकाठी गुरुजींचे दिवस सुखात चालले होते. उंबरे पिकली होती, वाघ पलीकडच्या घळीत पाण्यात पडून होता, त्यामुळे दिवसभर नुसते ‘हुप हुप’ चाले आणि खाली फळांचा सडा पडे. वानराचा आवाज आला की पाडस धावत सुटायचे. एवढ्या उन्हाळ्यात ते एकच गोष्ट शिकले, की तो घसा वाजला म्हणजे खायला मिळते.

“बघ, आवाज आला की कसा पळतो माझा बाळ,” हरिणी कौतुकाने भेकरिणीला सांगायची.

पुढे पावसाळा लागला. रान पुन्हा हिरवे झाले, गवत हरिणीच्या खांद्याला लागू लागले, आणि गुरुजी आपल्या सागावर परतले. शाळा अजून भरायची होती. एका सकाळी सगळे चरत असताना सागावरून आवाज आला, “खक. खक.”

सगळे रान उधळले. भेकरिणीचे पिल्लू आईच्याही पुढे माळाकडे सुटले. हरिणीला विचार करायलाही सवड मिळाली नाही, तिचे पाय आपोआप उचलले गेले. आईने उन्हाळ्या-उन्हाळ्यांत घोटून घेतलेला तो धडा होता. माळावर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिले, तर पाडस तिच्यामागे नव्हतेच. ते कान टवकारून, आनंदाने उड्या मारत सागाकडे धावत होते, आणि सागाखालच्या गवतात वाघ होता.

हरिणीने हंबरडा फोडला. गुरुजी घसा फुटेस्तोवर ‘खक खक’ करू लागले. पण जितके ते ओरडत, तितके पाडस जास्त वेगाने पुढे येई. आज फळे फारच पडताहेत, असे त्या बिचाऱ्याला वाटत होते. शेवटी गुरुजींनी एक वाळकी फांदी मोडून वाघाच्या अंगावर टाकली. वाघाची झेप चुकली, पण पंजा पाडसाच्या मागच्या पायावर बसलाच. रक्तबंबाळ पाडस करवंदीच्या जाळीत घुसले. काट्यांपुढे वाघाचे काही चालेना, तेव्हा तो गुरगुरत निघून गेला.

पाडस वाचले. पाय मात्र कायमचा अधू झाला.

गुरुजी झाडावरून खाली उतरले. रागावण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. “सगळ्यांत हुशार होता तो,” एवढेच ते म्हणाले.

“चूक त्याची नाही, गुरुजी,” हरिणी म्हणाली. “त्याने उद्या म्हटलं होतं. तो लहान आहे, तो म्हणणारच. मी हो म्हणायला नको होतं.” आईवरचा तिचा जुना राग त्या दिवशी गेला, पण ते सांगायला आई आता नव्हती.

जखम भरल्यावर एका संध्याकाळी हरिणी पाडसाला पाण्यावर घेऊन निघाली. ते लंगडत होते, म्हणून ती सावकाश चालत होती. वाटेत तिने विचारले, “बाळा, खक म्हणजे काय रे?”

“वाघ आला आहे, माळाकडे पळा,” पाडस तत्काळ म्हणाले. एक अक्षरही चुकले नाही. मग थोडे थांबून त्याने विचारले, “पण आई, आता मी पळू कसा?”

हरिणी त्याच्या अधू पायाच्या बाजूला सरकली आणि त्याच्या पावलाने चालू लागली.

तात्पर्य : सुट्टीत मुलांना मनमुराद खेळू द्यावे, पण शिकलेल्याची रोज थोडी उजळणी मोठ्यांनी करून घ्यावी. विसरलेला धडा पुन्हा शिकता येतो, पण हुकलेली वेळ परत येत नाही.