ओलीस न्यायला आलेला मेणा

देवळात सकाळी सहाची घंटा झाली आणि सरदार कुराहाशीचा मेणा तोमेच्या दारात थांबला. तिचा नवरा या सरदाराचाच सामुराई, लांब सीमेवर लढायला गेलेला. घरात ती, तान्हं पोर आणि लढाईवरचा नवरा सुखरूप परतावा म्हणून त्याच्या नावानं रोज वाढायचं ताट.

“नवरा फितूर होऊ नये म्हणून पोर ओलीस नेतो,” सरदार म्हणाला.

तोमेचे डोळे भरले.

“रडतेस काय? सामुराईला पोराबाळांची माया नसते.”

“नसते ना, सरकार? मग पोर नेऊन त्यांना धाक कसला घालणार?”

सरदारानं भोयांना परत फिरायची खूण केली. मेणा रिकामाच परतला.

घर पुन्हा सुनं झालं. सीमेकडे निघालेल्या स्वाराला तोमे म्हणाली, “दादा, त्यांना एवढं सांगा, पोर घरीच आहे आणि ताट रोज वाढते.”