रेशमाची पेटी आणि पावशा

एका राज्यात माणसागणिक एक झाड होतं. मूल जन्मलं की त्याच दिवशी त्याच्या नावानं रोप लावीत, आणि त्या रोपाशी त्या मुलाचा जीव बांधला जाई. कुणाचा आंबा, कुणाची चिंच, कुणाचा कडुलिंब. राजा नरदेवाचा वड राजवाड्याच्या अंगणात ऐसपैस पसरला होता.

राजा मनाचा वाईट नव्हता हो, पण त्याला कुणाचं ऐकवत नसे. एके सकाळी पावशा ओरडला, "पेरते व्हा! पेरते व्हा!" राजाचं पित्त खवळलं. "माझ्या प्रजेला हुकूम सोडणारा हा कोण?" झालं! थाळ्या बडवून सगळे पावशे नदीपार हाकलले. प्रधानजी गप्प बसले. गप्प बसण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पुढे राजाला हौस आली, सिंहासनावर रेशमाचं छत हवं, दुसऱ्या कुठल्या राजाकडे नसेल असं. डोंगरातला मांत्रिक सोन्याची पेटी घेऊन आला.

"यातले किडे वडावर सोड, राजा. रेशीम विणतील. पण ज्याला दुसऱ्याचं ऐकवत नाही, त्याला ही पेटी बाधते."

राजानं हेही ऐकलं नाही, हे काय सांगायला हवं?

पेटीतून केसाळ सुरवंट निघाले. विणलं त्यांनी, नाही असं नाही. पण विणली ती चिकट जाळी, आणि जाळीआड बसून पानं फस्त करू लागले. वडावरून चिंचेवर, चिंचेवरून आंब्यावर. लोकांनी मशालींनी ते जाळले, तर जळक्या केसाकेसातून नवा सुरवंट निघाला. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. वडाची पानं गेली तशी राजाची बोटं लाकडाची झाली, मग हात, मग खांदे. शेंड्याला पानांचा एक झुबका तेवढा उरला. तो गेला की राजा संपला.

राजकन्या इंदुलेखेला बापावाचून दुसरं कुणी नव्हतं. तिची बाभूळ दूर नदीकाठी होती, तिथवर सुरवंट पोचले नव्हते, म्हणून तिच्या पायांत बळ होतं. असले सुरवंट मिटक्या मारीत खाणारं पाखरू तिनं लहानपणी पाहिलं होतं. ते पावशाच. ती नदी ओलांडून गेली.

"पक्षिराज, माझ्या बाबांना वाचवा."

म्हातारा पावशा म्हणाला, "थाळ्यांचा आवाज अजून कानांत आहे, मुली. विसरलो नाही."

"विसरू नका. पण या."

पावशाला हे उत्तर आवडलं. "तीन कामं कर. मशाली विझव, धुरात आम्ही उतरत नाही. बापाच्या वडावरची जाळी आपल्या हातांनी फाड. आणि ज्यानं आम्हांला हाकललं, त्यानं स्वतः बोलवावं."

तिनं मशाली विझवायला सांगताच लोक म्हणाले, पोरीचं डोकं फिरलं. तिनं स्वतः पहिली घागर ओतली, मग बाकीचे सरसावले. मग ती वडावर चढली. सुरवंटांचे केस हातांत रुतले, तळवे सुजले, अंगाची आग झाली. ती रडत होती आणि जाळी फाडत होती.

तिसरं काम अवघड.

"बाबा, पावशाला बोलवा."

"मी? पाखराला?" राजाची जीभ जड झाली होती, ताठा मात्र होता तसाच होता.

"तुम्ही लाकूड झालात तर मी बाबा कुणाला म्हणू?"

राजाची नजर तिच्या हातांवर गेली. ते हात ओळखू येत नव्हते. त्यानं नदीकडे मान वळवली.

"पक्षिराज," तो अडखळत म्हणाला, "चुकलं माझं. या. तुम्ही सांगाल ते ऐकेन."

नदीपलीकडून पावशांचे थवे उठले. दिवसभर खात होते. जाळी गळून पडली, सोन्याच्या पेटीची माती झाली, वडाला तांबूस कोंब फुटले. राजाची बोटं हलली. घराघरांतून माणसं उठून आपापल्या झाडाखाली आली आणि पाखरांना हात जोडून उभी राहिली.

"पक्षिराज, हे उपकार कसे फेडू?" राजानं विचारलं.

"आमचं पोट भरलं, उपकार कसले? फेडायचेच तर हिचे फेड."

वैद्य लेपाची वाटी घेऊन आले. राजानं ती त्यांच्या हातून घेतली, लेकीजवळ जमिनीवर बसला, आणि नुकत्याच परत मिळालेल्या बोटांनी तिच्या तळव्यांवर लेप लावू लागला.

"दुखतंय का गं?"

"दुखतंय, बाबा."

राजा थांबला. त्यानं तळव्यांवर फुंकर घातली, आणि आणखी हलक्या हातानं लावू लागला.

जशी त्यांची झाडं पालवली, तशी तुमची आमचीही पालवोत.