हळदकुंकवाचं चाक

ही कितीतरी पिढ्यांमागची गोष्ट आहे, बाळांनो, आणि बाळांच्या आजीआजोबांनो, तुम्हीही सरकून बसा. तेव्हा बैल माणसांशी बोलत असत. माणसं ऐकत असत की नाही, ते पुढे कळेलच.

एका डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावात नाचणी पिकायची, रानात मध आणि हिरडा मिळायचा; पण मीठ, तेल, कापड सगळं घाटाखालच्या बाजारातून वर यायचं. घाटाची वाट अशी, की एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. त्या वाटेवर गाडी हाकून पोट भरणारा एक गाडीवान गावात होता. त्याचं नाव केरबा. माणूस मनानं मऊ. कुणी म्हणालं, "केरबा, माझं एवढं गाठोडं घेतोस का?" की हा शेजाऱ्याचंही गाठोडं आपणहून मागून घ्यायचा.

केरबाची बायको लवकर वारली होती. मागे एकुलती एक लेक, येसू. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्या, आणि मूल आडवं आहे हे शेजारणींनी ओळखलं. अशा अडलेल्या बाईला सोडवणारी सुईण घाटाखाली राहायची. केरबानं आपली जुनी गाडी जुंपली. निम्म्या घाटात गाडीचा कणा मोडला. येसूला झोळीत घालून खाली नेईपर्यंत उशीर झाला. येसू वाचली, पण मूल गेलं.

त्या दिवसापासून केरबानं मनाशी एकच गाठ मारली. येसूला पुन्हा दिवस जातील, तेव्हा दारात अशी गाडी उभी पाहिजे, जी घाटात दगा देणार नाही. त्यासाठी त्यानं बायकोच्या आठवणीत जपलेल्या पाटल्या मोडल्या आणि म्हाळू सुताराकडून नवी गाडी बांधून घेतली. बाभळीच्या मुरलेल्या लाकडाची चाकं, त्यांवर जाड लोखंडी धाव, ऐनाचा कणा. बैल घरचेच होते, तांबड्या आणि हरण्या.

"केरबा, ही गाडी तुझ्या नातवंडांना पुरंल," म्हाळू म्हणाला. "फकस्त ठोकणी चुकवू नगंस."

ठोकणी हा त्या गावचा रिवाज. सुगी आटोपली, की घाटातली वाहतूक सुरू व्हायच्या आधी सगळे गाडीवान आपापल्या गाड्या म्हाळूच्या अंगणात आणायचे. गाडी मोडलेली असो की धडधाकट असो, आणायची म्हणजे आणायची. चाकं उतरवायची, जुनं वंगण खरवडून काढायचं, नवं भरायचं. म्हाळू लाकडी हातोडीनं चाकाच्या एकेका आऱ्यावर ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. घट्ट बसलेल्या आऱ्याचा आवाज खणखणीत येतो, सैल झालेल्याचा भदभद. धाव ढिली असली, तर लोहार ती तापवून पुन्हा चढवायचा. बदल्यात दोघांना सूपभर धान्य द्यायचं, पोटभर जेवू घालायचं. शिवाय तेवढे दिवस गाडी बंद, म्हणजे कमाईही बंद. तरी चारचौघांत कुणी कुरकुर करत नसे. घरी जाऊन बायकोजवळ करत असतील, तर तो भाग वेगळा.

पहिल्या ठोकणीला केरबा सगळ्यांच्या आधी हजर होता. गाडीत काहीच निघालं नाही. तरी त्यानं हसतमुखानं सूप भरून धान्य दिलं.

मग देवीचं झालं. गावदेवीची जुनी मूर्ती झिजली होती. गावानं घाटाखाली नवी मूर्ती घडवून घेतली, अखंड काळ्या दगडाची. ती वर आणायला निघालेल्या एका गाडीचं जू मोडलं, दुसरीचे बैल चढावर बसले ते उठेनात. शेवटी केरबाची गाडी गेली आणि देवीला घेऊन वर आली. ढोल वाजले, गुलाल उधळला. त्या दगडाच्या भारानं डाव्या चाकाचे आरे किती दबले, ते मात्र कुणी पाहिलं नाही. सगळे देवीकडे बघत होते, आणि त्यात त्यांचं काही चुकलंही नाही.

म्हाताऱ्या बायकांनी चाकांना हळदकुंकू लावलं. "देवी जिच्यात बसली ती गाडी!" असं म्हणत एकीनं पदर पसरला. तेव्हापासून हे चालूच झालं. नवरदेव निघाला, की आधी गाडीला नमस्कार. कुणाचं पोर आजारी पडलं, की चाकाची धूळ त्याच्या कपाळाला. केरबाची छाती भरून यायची. त्यानं गाडीला पितळी घुंगरं बांधली, चाकं तांबड्या-पिवळ्या रंगानं रंगवली. गाडीवर खर्च करायला त्यानं कधी हात आखडला नाही, हे मी मुद्दाम सांगून ठेवतो. कंजूष माणसाची ही गोष्ट नव्हे.

पुढच्या ठोकणीला केरबा गाडी घेऊन अंगणात आला. म्हाळूनं हातोडी उचलली, तोच देवळाच्या गुरवानं त्याचा हात धरला.

"अरे म्हाळू, देवीच्या आसनावर हातोडी मारतोस?"

"लाकूड हाय ओ शेवटी," म्हाळू पुटपुटला. "येकदा आवाज ऐकायला पायजे."

"देवी सांभाळणारी आहे की नाही? तेवढं सांग!"

गर्दीतून हुंकार उमटला. खरं सांगायचं, तर म्हाळूलाही आतून बरं वाटलं होतं. आपल्या हातच्या चाकाला कुंकू लागतं, असा मान कुठल्या सुताराच्या वाट्याला येतो? त्यानं हातोडी खाली ठेवली आणि चाकाला हात जोडले. केरबानं सूपभर धान्य देवीपुढे ओतलं आणि गाडी तशीच घरी नेली.

त्या वर्षी काही झालं नाही. मग त्याच्या पुढच्या वर्षी केरबा अंगणात गेलाच नाही. चांगल्या गाडीत हा एक वाईट गुण असतो, मंडळी. ती कुरकुरत नाही, म्हणून मालकाला वाटतं, तिला काही लागतच नाही.

पण एकाला कळलं होतं. घाट उतरताना एक दिवस हरण्या थांबला आणि मान वळवून म्हणाला, "धनी, डावं चाक झोलतंय. माझ्या खांद्याला कळतंय."

"देवीची गाडी हाय रं ती," केरबा म्हणाला.

"देवी गाडीत बसली व्हती, धनी. चाकात न्हाई."

केरबा हसला. त्यानं हरण्याच्या पाठीवर थाप मारली आणि गाडी पुढे हाकली. पण त्याच्या मनाला चुटपुट लागली ती लागलीच. नेमकी तेव्हाच येसू पुन्हा दिवस राहून माहेरी आलेली होती. केरबा रोज संध्याकाळी गाडीपाशी उभा राहायचा आणि विचार करायचा. न्यावी का म्हाळूकडे? पण चाकं उतरवून ठेवली आणि त्याच दिवशी पोरीला कळा आल्या तर? मागची आठवण आली, की तो तसाच घरात वळायचा. "येसू सुटू दे," तो स्वतःलाच सांगायचा, "मग नेतो." बापाचं काळीज ते. त्याला हसू नका.

एका सकाळी येसूला कळा आल्या. मूल या खेपेलाही आडवंच होतं. शेजारणींनी येसूला गाडीत निजवलं आणि धावतपळत चाकांना हळदकुंकू लावलं. केरबानं कासरा हातात घेतला.

"आबा, पोचू ना आपण?" येसूनं विचारलं.

"ही गाडी दगा द्यायची न्हाई, बाळा."

घाटातल्या एका वळणावर डावं चाक कडाडलं. आरे चाकाच्या मधल्या तुंब्यातून निसटून फाकले. लोखंडी धाव सुटली आणि उड्या घेत दरीत गेली. गाडी दरीकडे कलंडली. तांबड्याच्या गळ्याला जू बांधणारं सापतं तुटलं आणि तो बाजूला फेकला गेला. सगळा भार एकट्या हरण्यावर आला. त्यानं पुढचे गुडघे टेकले, खूर दगडात रोवले आणि मान खाली घालून तो तसाच धरून राहिला. त्याच्या पायातून हाड मोडल्याचा आवाज आला, पण गाडी हलली नाही.

"पोरीला काढा, धनी," तो म्हणाला.

केरबानं येसूला उचलून कड्याच्या बाजूला आणलं आणि दगडाला टेकवून बसवलं. मग जू सोडवून हरण्याला मोकळं केलं. रिकामी गाडी दरीच्या काठावर घसरून एका झाडाला अडकली. केरबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तोच घाट, तीच लेक, त्याच कळा. सगळं पुन्हा तसंच घडत होतं, आणि या वेळी गाडी जुनी होती असंही त्याला म्हणता येत नव्हतं.

एवढ्यात मागून शिदू तेल्याची गाडी आली. ठिगळं लावलेली, रंग उडालेली. गाव तिला 'म्हातारी' म्हणून चिडवायचं. पण शिदूनं एकही ठोकणी चुकवली नव्हती. त्यानं तेल आणायला चालवलेले रिकामे बुधले वाटेतच उतरवले आणि येसूला गाडीत घेतलं.

केरबा घुटमळला. त्याची नजर हरण्यावर होती.

"जावा, धनी," हरण्या म्हणाला. "मी कुठं पळून चाललोय?"

म्हातारी घाट उतरली. सुईणीनं येसूचं पोट चाचपून दोन वेळा नाही म्हणून मान हलवली, तिसऱ्यांदा मात्र बाह्या सावरल्या. ऊन डोक्यावर यायच्या आत मुलगी झाली आणि खणखणीत आवाजात रडली. नातीला मांडीवर घेऊन केरबाही रडला. मग तिला येसूच्या कुशीत ठेवून तो पळत सुटला, वर घाटाकडे.

हरण्या तिथेच बसला होता. केरबानं त्याच्या गळ्यात हात टाकले.

"रडली का?" हरण्यानं विचारलं.

"रडली."

"बरं झालं," हरण्या म्हणाला, आणि त्यानं डोळे मिटले. तो दमला होता.

गावानं त्याला खाटेवर घालून वर आणलं. पाय जुळला, पण वाकडाच. पुन्हा कधी त्याच्या मानेवर जू चढलं नाही. केरबा त्याला रोज स्वतःच्या हातानं चारा भरवायचा, आणि हरण्या शहाण्यासारखा खायचा. एका शब्दानंही त्यानं कधी बोल लावला नाही.

पुढच्या ठोकणीला केरबा डागडुजी केलेली गाडी घेऊन अंगणात आला. तांबड्याच्या जोडीला नवा बैल होता. मागून लंगडत लंगडत हरण्याही आला. बायका हळदकुंकवाची ताटं घेऊन पुढे सरसावल्या.

"थांबा, माय," केरबा म्हणाला. "आधी म्हाळूदादाची हातोडी. मग तुमचं कुंकू."

गुरव पुढे झाला. "केरबा, देवी कोपली म्हणजे?"

केरबानं हरण्याच्या वाकड्या पायावर हात ठेवला.

"देवी कोपली असती तर सोसलं असतं, गुरवबाबा. ह्यो कोपला न्हाई. त्येच रोज खुपतंय मला."

गुरव खाली वाकला आणि चाक उतरवायला त्यानं स्वतः हात लावला. म्हाळूनं डोळे पुसले आणि पहिल्या आऱ्यावर हातोडी मारली. सगळं गाव श्वास रोखून तो आवाज ऐकत राहिलं.

म्हणून सांगतो: जे आपला भार वाहतं, त्याला नुसतं पूजून भागत नाही, ते धडधाकट असतानाच त्याची निगा राखावी लागते.